स्टॅकेबल स्विच खरंच लागतात का, की सवयीने घेतले जातात?

रॅकवाला_पुणे:
मंडळी, हा वाद दर दुसऱ्या मीटिंगला ऐकतो म्हणून इथे मांडतोय. दीडशे ते पाचशे माणसांचं ऑफिस किंवा प्लांट, प्रत्येक मजल्यावर एक रॅक आणि त्यात नेटवर्कचे तीन-चार ४८ पोर्टचे स्विच. हे स्टॅक करायचे, म्हणजे केबलने जोडून त्यांचा मिळून एकच स्विच करायचा, की सुटे ठेवायचे? माझं मत सरळ आहे. एका रॅकमध्ये तीन किंवा जास्त ॲक्सेस स्विच (ज्यांना युजरची उपकरणं जोडतात ते) असतील तर स्टॅक करा, आणि कोअरला (सगळे मजले जिथे येऊन मिळतात ते मुख्य स्विच) मात्र स्टॅक करू नका. बऱ्याच साईटवर मी याच्या बरोब्बर उलटं बघतो, कोअरला दोन स्विच स्टॅक केबलने जोडून टाकतात, प्रेझेंटेशनमध्ये "फुल रिडंडन्सी" लिहितात आणि मजल्यावर चार सुटे स्विच एकाच्या पोर्टातून दुसऱ्यात असे माळेसारखे जोडून ठेवतात, वरचा बंद पडला की खालचे तीन अंधारात.

आता मजल्यावर स्टॅक का म्हणतो ते सांगतो. चार सुटे स्विच नीट जोडायचे तर प्रत्येकाला कोअरकडे दोन अपलिंक (वर जाणाऱ्या लिंक) पाहिजेत, एक या कोअरला एक त्या कोअरला. म्हणजे आठ लिंक, दोन्ही टोकांचे धरून सोळा एसएफपी प्लस मॉड्यूल (फायबर जोडायला पोर्टात बसवतात ते), आणि फायबरचे सोळा कोअर (इथे कोअर म्हणजे केबलमधला एकेक धागा, लिंकला दोन लागतात). बिल्डिंगमध्ये मजल्यापर्यंत टाकलेली केबल बहुतेक ठिकाणी १२ कोअरची असते, म्हणजे इथेच गाडी अडली, आता राईजरमधून (मजल्यामजल्यांतून वर जाणाऱ्या केबलच्या मार्गातून) नवीन केबल ओढा, बिल्डिंगवाल्यांची परवानगी काढा. स्टॅक केलात तर पहिल्या मेंबरवरून (स्टॅकमधला प्रत्येक स्विच म्हणजे मेंबर) एक अपलिंक, चौथ्यावरून एक, दोन्ही मिळून एकच एलएसीपी बंडल, म्हणजे दोन लिंक एकच म्हणून चालतात, चार मॉड्यूल आणि चार कोअरमध्ये काम झालं. एक मेंबर मेला तर त्याचे ४८ पोर्ट जातात, बाकीचे दुसऱ्या अपलिंकवरून चालू राहतात, आणि एसटीपीला (नेटवर्कमध्ये लूप होऊ नये म्हणून जादा लिंक बंद ठेवणारी यंत्रणा) कुठली लिंक ब्लॉक करावी लागत नाही.

बाकी फायदे सगळ्यांना माहितीयेत, एक आयपी, एक कॉन्फिग, पोर्टचं नाव बघूनच कुठला मेंबर ते कळतं. पण माझ्यासाठी खरा मुद्दा फायबर आणि अपलिंकचाच आहे. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी कारणासकट लिहा, "आमच्याकडे असंच चालतं" नको.

सुटा_स्विच:
कारणासकट लिहितो. फायबरचं गणित तुमचं बरोबर आहे, त्याच्याशी भांडण नाही. पण चार स्विच स्टॅक केले की चार स्विच उरतच नाहीत, १९२ पोर्टचा एक स्विच तयार होतो. कंट्रोल प्लेन (निर्णय घेणारा भाग) एक, सॉफ्टवेअर एक, कॉन्फिग एक. ॲक्टिव्ह मेंबर (स्टॅकचा कारभार बघणारा) मेला तर स्टँडबाय जागा घेतो हे मान्य, पण हार्डवेअर मरणं हा सगळ्यात कमी वेळा होणारा प्रकार आहे. आपल्याकडे स्विच कशाने पडतात? सॉफ्टवेअर बगने, मेमरी लीकने, कुणीतरी चुकीची कमांड मारल्याने, आणि अपग्रेडला. या चारही गोष्टींमध्ये स्टॅक तुम्हाला वाचवत नाही, उलट ४८ जणांचा त्रास १९२ जणांचा करतो. स्टँडबाय मेंबरवर तेच सॉफ्टवेअर चालतंय, तोच बग तिथेही बसलाय ना.

अपग्रेडचंच बघा. सुटे स्विच असतील तर आज पहिला, उद्या दुसरा, काही बिघडलं तर तिथेच थांबतो. स्टॅकमध्ये नेहमीच्या पद्धतीने केलं तर अख्खा स्टॅक रिलोड होतो, आणि स्टॅक उठायला पाच-सात मिनिटं सहज लागतात, कारण आधी मेंबर एकमेकांची वाट बघतात, मग निवडणूक, मग कॉन्फिग लागतं, आणि त्यानंतर पीओईवरचे (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) फोन आणि वायफायचे ॲक्सेस पॉइंट आपापले बूट होणार.

एक आयपीचा फायदा तर आता जुना झाला. लोक स्विचवर एकेक करून टेलनेट करत बसायचे तेव्हा ती मोठी सोय होती. आता ॲन्सिबल आहे, क्लाउड डॅशबोर्ड आहेत, चार स्विचला एकच बदल पाठवायला चार वेळा लॉगिन कोण करतं?

बॉयलरशेजारी_सांगली:
सुटा_स्विच साहेब, ॲन्सिबल कोण लिहिणार ते पण सांगा. मी साखर कारखान्यात आयटीला आहे, आयटी म्हणजे मीच. प्रिंटर, सीसीटीव्ही, ईआरपी, संगणकीय वजनकाटा, चेअरमन साहेबांचा मोबाईल, सगळं माझ्याकडे. माझ्यासारख्या माणसाला स्टॅकने काय दिलं ते सांगतो.

गाळप हंगाम चालू होता, ऑफिसच्या रॅकमध्ये चार मेंबरचा स्टॅक, त्यातला तिसरा रात्री मेला. त्याच्यावर काट्याकडे जाणारी लिंक होती. काटा बंद म्हणजे गेटवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते आणि ऊस वाळत उभा राहतो, शेतकऱ्याचं वजन घटतं, हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. मी घरी, कारखाना लांब. रात्रपाळीच्या वायरमनला फोन केला, कपाटातला त्याच मॉडेलचा कोरा स्विच काढायला लावला. जुना काढ, नवीन बसव, पॉवर लावू नको. दोन्ही स्टॅक केबल जुन्या होत्या तशाच लाव, स्क्रू हाताने घट्ट कर, आता पॉवर दे. पॅच कॉर्ड जिथून निघाली त्याच नंबरला परत, त्यासाठी त्याला आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगितला होता. नवीन स्विचने मोकळा असलेला तीन नंबर आपोआप घेतला, ॲक्टिव्हकडे तीन नंबरचं कॉन्फिग ठेवलेलंच होतं ते त्याला लागलं, आणि थोड्या वेळात काटा चालू. मी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही.

सुटा स्विच असता तर त्या वायरमनने कन्सोल केबल लावून बॅकअप कॉन्फिग टाकलं असतं का? मला रात्री गाडी काढून जावं लागलं असतं.

सुटा_स्विच:
तुमचा अनुभव मी खोडत नाही, एकट्या माणसासाठी ही खूप मोठी गोष्ट आहे. पण यात काही गोष्टी आधीपासून जुळून आल्या होत्या तेही वाचणाऱ्यांना कळू दे. स्विच त्याच मॉडेलचा होता, कोरा होता, आणि सॉफ्टवेअर एकतर त्याच व्हर्जनचं होतं किंवा ऑटो अपग्रेड चालू करून ठेवलेलं होतं. व्हर्जन जुळत नसेल आणि ऑटो अपग्रेड बंद असेल तर नवीन मेंबर व्हर्जन मिसमॅच दाखवत नुसता बसून राहतो, दिवे लागतात पण काम करत नाही.

बॉयलरशेजारी_सांगली:
हो, ऑटो अपग्रेड पहिल्या दिवसापासून चालू आहे. आणि स्पेअर स्विच मी दर हंगामाआधी काढून त्याच व्हर्जनवर आणून, परत कोरा करून कपाटात ठेवतो. ही मेहनत करावी लागते, मान्य.

फिल्डवरचा:
"कोरा" या शब्दाखाली दोनदा रेघ मारा. आमच्या एका ग्राहकाकडे घडलेलं सांगतो, नाव नको. त्यांच्या इंजिनिअरने दुसऱ्या ब्रांचमधून काढलेला जुना स्विच स्पेअर म्हणून आणला. तिथे तो स्टॅकचा ॲक्टिव्ह होता, त्यामुळे त्याच्यावर प्रायोरिटी १५ सेट केलेली. इथल्या चालू स्टॅकवर प्रायोरिटी कुणी कधी बदललीच नव्हती, सगळे डिफॉल्ट १ वर. त्याने तो स्विच आधी पॉवर देऊन बूट केला, कारण त्याला वाटलं चेक करून मगच लावू, आणि तसाच चालू स्थितीत स्टॅक केबल जोडल्या. आता दोन ॲक्टिव्ह समोरासमोर आले, निवडणूक झाली, १५ वाला जिंकला. हरलेल्या बाजूचे सगळे मेंबर रिलोड झाले आणि जिंकलेल्याचं कॉन्फिग घेऊन उठले, म्हणजे दुसऱ्या ब्रांचचं. सकाळी ऑफिस भरलेलं, एकाही व्हीलॅनचा (स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्क) पत्ता नाही. बॅकअप होता म्हणून निभावलं.

यात स्विचचा काही दोष नाही, स्टॅकवाइज (सिस्कोचं स्टॅकिंग) तसंच चालतं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलंय, नवीन मेंबर बंद करूनच जोडा. पण सुटा स्विच चुकीच्या कॉन्फिगने लावला असता तर त्रास झाला असता ४८ पोर्टला.

रॅकवाला_पुणे:
फिल्डवरचा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. प्रायोरिटी न ठरवता सोडलेले स्टॅक मी सुद्धा सारखे बघतो. सगळे १ वर असले की शेवटी सगळ्यात लहान मॅक ॲड्रेसवाला (मॅक म्हणजे कारखान्यातूनच येणारा नंबर) ॲक्टिव्ह होतो, आणि लहान मॅक साधारणपणे जुन्या स्विचचा असतो, म्हणजे अख्ख्या मजल्याचा कारभार रॅकमधल्या सगळ्यात म्हाताऱ्या डब्याकडे. पहिल्याला १५, दुसऱ्याला १४, पाच मिनिटांचं काम आहे, इन्स्टॉलेशनच्या दिवशीच करायचं.

पण सुटा_स्विच, तुमच्या मुद्द्यावर येतो. तुम्ही म्हणता बग सगळीकडे सारखाच. मग सुट्या चार स्विचवरही तेच मॉडेल, तेच व्हर्जन आहे ना? एकाच ट्रॅफिकने बग फुटला तर चारही फुटतील. आणि तुमच्या डिझाईनला कोअरवर एमएलॅग (दोन वेगळे कोअर खालच्या स्विचला एकच वाटतील अशी जोडणी) लागतं, नाहीतर दोन अपलिंकमधली एक एसटीपी ब्लॉक करून ठेवणार. पाचशे माणसांच्या किती ऑफिसांत एमएलॅगवाला कोअर आहे?

सुटा_स्विच:
चारही एकाच क्षणी फुटतील असं नसतं. मेमरी लीक ज्या स्विचवर लोड जास्त तिथे आधी भरते. एक पडला की मला बाकीच्या तिघांसाठी वेळ मिळतो, रात्री रिबूट लावून टाकतो. आणि एमएलॅग जमत नसेल तर आरएसटीपी (एसटीपीचाच जलद प्रकार) चालू द्या, २००१ पासून आहे ते, लिंक गेली की बहुतेक वेळा सेकंदाच्या आत दुसरी उघडते. एक दहा गिगची लिंक ब्लॉक राहिली म्हणून ४८ लोकांचं काय अडतं? ऑफिसच्या माणसाचा ट्रॅफिक म्हणजे मेल, ब्राउजर, टीम्सचा कॉल.

डेटासेंटर_ऐरोली:
कोअरच्या बाबतीत मी रॅकवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत, त्याचं कारण जरा नीट लिहितो कारण लोक स्टॅक आणि एमएलॅगमध्ये फार गल्लत करतात. खालच्या स्विचला दोन्ही सारखेच दिसतात, दोन वेगळ्या डब्यांना गेलेल्या लिंक एकाच एलएसीपी बंडलमध्ये. फरक वर आहे. स्टॅकमध्ये दोन डबे मिळून मेंदू एक. एमएलॅगमध्ये, मग ते सिस्कोच्या नेक्सस वरचं व्हीपीसी असो, अरिस्टाचं एमएलॅग असो की अरुबाचं व्हीएसएक्स, दोन डब्यांना दोन मेंदू, ते एकमेकांना फक्त मॅक टेबल आणि लिंकची अवस्था वगैरे कळवत राहतात. एकाला अपग्रेड करून रिबूट करा, दुसरा चालूच. कोअरला हेच पाहिजे, कारण कोअर बसला की सगळे मजले बसतात. किंमत अशी की कॉन्फिग दोन ठिकाणी सांभाळावं लागतं, आणि दोन्हीत फरक पडला तर डोकेदुखी.

आता स्टॅक केबलच्या वेगाची गिगाबिटमधली जाहिरात. २००३ मध्ये सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३७५० स्विचबरोबर स्टॅकवाइज आलं तेव्हा ३२ गिगाबिट लिहायचे, ते म्हणजे १६-१६ चे दोन रस्ते. त्यात पॅकेट (डेटाचा तुकडा) स्टॅक केबलची सगळी रिंग फिरून जिथून निघालं तिथे परत आल्यावर काढलं जायचं. स्टॅकवाइज प्लसमध्ये ६४ झालं आणि पॅकेट ज्याला पाहिजे त्याच्याकडेच उतरायला लागलं, त्यामुळे रिंगच्या उरलेल्या भागात दुसरं पॅकेट जाऊ शकतं. नंतरच्या ३८५० आणि ९३०० मॉडेलवरचं ४८० म्हणजे ४० गिगाबिटच्या सहा रिंग, झाले २४०, आणि वर सांगितलं तसा रिंगचा पुनर्वापर धरून त्याची दुप्पट. आकडा खोटा नाही, पण तो कशाने बनलाय ते माहिती पाहिजे. ॲक्सेसला याचा उपयोग किती? माणसांचा ट्रॅफिक सर्व्हरकडे नाहीतर इंटरनेटकडे जातो, म्हणजे शेवटी अपलिंकमधूनच. दोन दहा गिगच्या अपलिंक असतील तर मागे ४८० असो की ८०, युजरला काही कळणार नाही. फक्त या आकड्यासाठी वरचं मॉडेल घेत असाल तर घेऊ नका, त्या पैशात २५ गिगचे अपलिंक बघा.

वॉर्ड_आयटी:
मी मोठ्या हॉस्पिटलच्या आयटीत आहे, सगळं वाचतेय. आमची अडचण इथे कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. तुम्ही सगळे "रात्री रिबूट लावतो" म्हणताय. आमच्याकडे रात्र नसते. आयसीयूच्या मजल्यावर स्टॅक आहे, त्याच्यावर बेडसाइड मॉनिटर, नर्सिंग स्टेशनचा सेंट्रल मॉनिटर, लॅबचे रिपोर्ट, फोन. सिक्युरिटी पॅच आला की मला डाऊनटाइम मागावा लागतो, आणि मेट्रन मॅडम मला विचारतात, "किती मिनिटं?" मी दहा म्हटलं की त्या दहा मिनिटांसाठी प्रत्येक बेडपाशी एक सिस्टर उभी करतात, कारण सेंट्रल मॉनिटर आंधळा होणार. ते नियोजन करायला आठवडा जातो, मग ऐन वेळी दोन सिरियस पेशंट आले की सगळं पुढे. त्यामुळे पॅच लागतच नाही, असं आमचं वर्ष-वर्ष जातं. हे सुरक्षित आहे का? अजिबात नाही.

मला सुटा_स्विच यांचं म्हणणं पटतंय. एक नंबर बेडचा मॉनिटर या स्विचवर, दोन नंबरचा त्या स्विचवर, असं आलटून पालटून असेल तर एका वेळी अर्धेच बेड सेंट्रलवरून जातील, आणि तेवढ्यांसाठी सिस्टर निम्म्याच लागतील.

रॅकवाला_पुणे:
वॉर्ड_आयटी मॅडम, तुमच्याकडे ९३०० असतील तर त्यात एक्सटेंडेड फास्ट सॉफ्टवेअर अपग्रेड म्हणून प्रकार आहे, त्यात कंट्रोल प्लेन रिबूट होत असताना हार्डवेअर पॅकेट पुढे पाठवत राहतं, ट्रॅफिक ३० सेकंदांपेक्षा कमी थांबतो असं सिस्को सांगते. तो बघितलात का?

वॉर्ड_आयटी:
बघितला. त्याला अटी आहेत, कुठल्या व्हर्जनवरून कुठल्यावर ते ठरलेलं आहे आणि टोपॉलॉजीच्या पण अटी आहेत. आमचा जुना स्टॅक त्यात बसत नाही. आणि मेट्रन मॅडमना मी "बहुतेक तीस सेकंद" असं सांगू शकत नाही, काही चुकलं तर तीसचे सातशे होतात. मला अशी रचना हवीये की सगळ्यात वाईट झालं तरी अर्धेच बेड.

सुटा_स्विच:
यालाच मी म्हणतो एका वेळी किती पडेल ते आधी ठरवणं. डिझाईनचा पहिला प्रश्न हाच असायला हवा, स्टॅक की सुटे हा नंतरचा.

खरेदी_कक्ष:
मी परचेसमध्ये आहे, तांत्रिक कमी कळतं पण कोटेशन रोज बघते, तेव्हा खरेदीच्या बाजूने लिहिते. "स्टॅकेबल" लिहिलं म्हणजे स्टॅक होईलच असं समजू नका. काही मॉडेलमध्ये स्टॅक पोर्ट अंगचेच असतात आणि फक्त केबल मागवायची, उदाहरणार्थ ९३००. काही मॉडेलमध्ये स्टॅक किट वेगळं घ्यावं लागतं, ९२००एल तसं आहे, जुनं २९६०-एक्स पण तसंच होतं. कोटेशनमध्ये स्विचची ओळ असते आणि किटची नसते, मग माल आल्यावर एसआय (माल पुरवून बसवून देणारी कंपनी) म्हणतो मॅडम हे एक्स्ट्रा, आणि नवीन पीओ (परचेस ऑर्डर) काढायला परत सह्या. केबलची लांबी पण विचारा, अर्धा मीटर, एक मीटर, तीन मीटर अशा येतात. रॅकमध्ये स्विच लांब लांब बसवले असतील तर वरून खाली परत येणारी केबल अर्ध्या मीटरची पुरत नाही, मग लोक ती लावतच नाहीत आणि रिंग अर्धवट राहते.

दुसरं म्हणजे सगळे मेंबर एकाच घराण्यातले लागतात. ९३०० च्या स्टॅकमध्ये ९३००एल चालत नाही, ३८५० चालत नाही, दुसऱ्या कंपनीचा तर प्रश्नच नाही. लायसन्सची लेव्हल पण सारखी पाहिजे. म्हणजे आज तीन घेतले आणि चार वर्षांनी चौथा लागला, तर तोपर्यंत मॉडेल विक्रीतून गेलेलं असू शकतं. म्हणून वाढ होणार हे माहिती असेल तर एक जास्तीचा आत्ताच घ्या, तोच स्पेअर पण होतो.

आणि काही स्वस्त स्विचच्या माहितीपत्रकात "व्हर्च्युअल स्टॅकिंग" असतं. मी आमच्या इंजिनिअरला विचारलं, तो म्हणाला की ते फक्त एका आयपीवरून सगळे स्विच मॅनेज करता येणं आहे, दोन स्विचवरून एक एलएसीपी वगैरे होत नाही. टेंडरमध्ये "फिजिकल स्टॅकिंग, क्रॉस-स्टॅक लिंक ॲग्रीगेशनसह" असं पूर्ण लिहा, नाहीतर कुणीही तसला स्विच देऊन मोकळा होतो आणि तुम्हाला बोलायला जागा राहत नाही.

बॉयलरशेजारी_सांगली:
खरेदी_कक्ष ताई, हे आमच्या स्टोअरवाल्यांना वाचायला देतो. फार कामाचं लिहिलंत.

टॉवर_बी:
आमच्याकडे वेगळा प्रकार आहे. समोरच्या साध्या दहा गिगच्या पोर्टनेच स्टॅक होणारे स्विच घेतलेत, ज्युनिपरचं व्हर्च्युअल चॅसी, ईएक्स३४०० मध्ये दहा मेंबरपर्यंत चालतं. फायबरने जोडता येतं म्हणून एसआयने पाच मजल्यांचे पाच स्विच एकाच स्टॅकमध्ये घालून दिले. एका लॉगिनमध्ये सगळी बिल्डिंग. कुणी म्हणेल काय छान, पण मला भीती वाटते. बरोबर वाटते का?

डेटासेंटर_ऐरोली:
बरोबर वाटते. जे एका रॅकमध्ये आहे तेवढंच स्टॅक करावं असं माझं ठाम मत आहे. अर्ध्या मीटरच्या केबलची रिंग तुटायला कुणीतरी रॅकमध्ये हात घालावा लागतो. राईजरमधली फायबर एसीवाला तोडतो, फॉल्स सीलिंगवाला तोडतो, उंदीर कुरतडतो. रिंग एका जागी तुटली तर सगळं चालू राहतं, दोन जागी तुटली की स्टॅकचे दोन तुकडे. मग दोन्ही तुकड्यांना वाटतं आपणच मूळ, तोच आयपी तोच मॅक दोन्हीकडे, असं होऊ नये म्हणून प्रत्येक कंपनीने काहीतरी सोय केलेली आहे. व्हर्च्युअल चॅसीत एक तुकडा स्वतःहून बंद पडतो, एचपीईच्या आयआरएफमध्ये एमएडी नावाची तपासणी असते. म्हणजे तुमचे दोन मजले निव्वळ नियमाप्रमाणे बंद होणार, स्विच सगळे ठणठणीत असताना. प्रत्येक मजला वेगळा करा आणि कोअरला दोन-दोन अपलिंक द्या.

रॅकवाला_पुणे:
आणि रिंग एका जागी तुटलेली कळते का हा पण मोठा प्रश्न आहे. एका प्लांटमध्ये ऑडिटला गेलो होतो, भोसरीत गुरुवारी सुट्टी असते म्हणून त्याच दिवशी बोलावलेलं, सगळं शांत. शो स्विच स्टॅक-पोर्ट्स ही कमांड मारली तर दुसऱ्या मेंबरचा एक पोर्ट डाऊन. मागे जाऊन बघितलं, केबल सॉकेटमध्ये टेकलेली होती पण एका बाजूचा स्क्रू फिरवलेलाच नव्हता, तिरकी बसली होती. वरून बघून कळत नाही. किती महिने असं चाललं होतं कुणालाच ठाऊक नाही, कारण युजरची एकही तक्रार नाही. अशात उरलेल्या साखळीच्या मधल्या एखाद्या स्विचची पॉवर गेली असती तर त्याच दिवशी स्टॅकचे दोन तुकडे झाले असते. स्टॅक घेतलात तर मॉनिटरिंगमध्ये स्टॅक पोर्टचा ट्रॅप (बिघाड झाला की स्विचने स्वतः पाठवलेली सूचना) घ्याच. अपलिंकचा अलार्म सगळे लावतात, स्टॅक पोर्टचा लावलेला मी क्वचित बघितलाय.

फिल्डवरचा:
पॉवरचा विषय निघाला म्हणून, स्टॅकपॉवर कुणी वापरतंय का? ९३०० ला आहे, ९३००एल ला नाही. चार स्विचपर्यंत पॉवर सप्लाय एका केबलच्या रिंगमध्ये एकत्र वापरता येतात, एकाचा सप्लाय गेला तर शेजाऱ्यांकडून वीज मिळते. ज्यांच्याकडे पीओई कॅमेरे आणि फोन भरपूर त्यांना हे खरंच उपयोगाचं. ४८ पोर्टला ३० वॅट धरले तर १४४० वॅट होतात, तेवढं बहुतेक वेळा एका सप्लायमधून मिळत नाही, आणि प्रत्येक स्विचला दोन-दोन सप्लाय घेणं महाग पडतं. पण ही केबल वेगळी, डेटाची स्टॅक केबल वेगळी, लोक एकच लावून दुसरी विसरतात.

सुटा_स्विच:
स्टॅकपॉवर चांगलं आहे, नाही म्हणणार नाही. फक्त चारही स्विच एकाच यूपीएसवर असतील तर सप्लाय एकत्र करून फारसं हाती लागत नाही. आधी दोन यूपीएस, दोन वेगळे फीड.

रॅकवाला यांना शेवटचं उत्तर देतो. तीन किंवा जास्त मेंबर, एकटा माणूस, फायबर कमी, आठ तासांचं ऑफिस, इथे स्टॅक घ्या, मी सुद्धा घेईन. माझा विरोध आहे तो डोळे मिटून सगळीकडे लावण्याला. दोन स्विचसाठी स्टॅकचे पैसे कशाला? दोन सुटे, चार लिंक, आठ कोअर, १२ कोअरच्या केबलमध्ये आरामात बसतात. आणि जिथे चोवीस तास माणसं आत आहेत, हॉस्पिटल, कंटिन्युअस प्रोसेसचा प्लांट, कंट्रोल रूम, तिथे तुमचा तीन मेंबरचा नियम मला मान्य नाही.

रॅकवाला_पुणे:
दोन स्विचचं मान्य, मीही तीनच म्हटलं होतं. हॉस्पिटलचं अर्धं मान्य. मॅडमकडे एका रॅकमध्ये चार असतील तर दोन-दोनचे दोन स्टॅक करता येतात. चार अपलिंक, आठ कोअर, एक लॉगिनचे दोन होतील एवढंच. एका वेळी एकच स्टॅक अपग्रेड, तुमची अर्ध्या बेडची अट पण पाळली जाते आणि मेंबर मेला तर बदलणं सोपं राहतं.

सुटा_स्विच:
दोन-दोनचे स्टॅक म्हणजे स्टॅकची गुंतागुंत तेवढीच आणि फायदा निम्मा. चार सुटे ठेवले तर पाव बेड जातील, अर्धे नाही. फायबर नसेल तर ओढा, आयसीयू आहे, तिथे राईजरचा खर्च काढायचा नाही तर कुठे काढायचा?

वॉर्ड_आयटी:
फायबर मी मोजली, आयसीयूच्या रॅकपर्यंत १२ कोअर आहे आणि त्यातले दोन खराब निघालेत. म्हणजे सोळा कोअर आत्ता शक्य नाही, आणि आयसीयूच्या सीलिंगमध्ये काम करायचं म्हणजे इन्फेक्शन कंट्रोलची परवानगी, धूळ उडते म्हणून बेड हलवावे लागतात, ते यावर्षी होणार नाही. आठ कोअरमध्ये बसतंय ते दोन-दोनचं. पण खरं मोठं काम मला पॅच पॅनलवर दिसतंय, कारण आत्ता एक ते बारा बेड सलग एकाच स्विचवर आहेत, ते आलटून पालटून करायचे तर प्रत्येक बेडची कॉर्ड काढून दुसरीकडे लावावी लागेल. ते चालू वॉर्डात कसं करू?

फिल्डवरचा:
एकेक बेड करा मॅडम, सगळे एकदम नको. पेशंट डिस्चार्ज झाला किंवा हलवला की बेड रिकामा होतो आणि साफसफाईला थोडा वेळ जातो, त्या वेळात तेवढी एक कॉर्ड हलवायची आणि दोन्ही टोकांना नवीन लेबल लावायचं. सम बेडला निळी कॉर्ड, विषमला पिवळी, म्हणजे रॅकसमोर उभं राहिलं की कुठला बेड कुठल्या स्टॅकवर ते लांबूनच दिसतं. महिना-दीड महिना लागेल पण कुणाला डाऊनटाइम मागावा लागणार नाही. व्हीलॅन आणि पोर्ट सिक्युरिटी दोन्ही स्टॅकवर आधीच सारखी करून ठेवा, नाहीतर मॉनिटर नवीन पोर्टवर उठणार नाही.

सुटा_स्विच:
आणि दोन्ही स्टॅकचं अपग्रेड एकाच रात्री करू नका. पहिला करून निदान दोन आठवडे चालू द्या, तोपर्यंत दुसरा जुन्याच व्हर्जनवर ठेवा. दोन स्टॅक वेगळे ठेवण्याचा सगळ्यात मोठा फायदा तुम्हाला तिथे मिळेल.

वॉर्ड_आयटी:
चालेल. निळ्या आणि पिवळ्या कॉर्डची मागणी उद्याच टाकते, आणि लेबल प्रिंटरच्या टेपची पण, ती कधीच संपलीये.